स्कूबाची भीती वाटते, तरी पहिल्यांदा जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३४. जेमतेम पोहता येतं, तेही तलावातच. मैत्रिणींनी मिळून स्कूबा डायव्हिंग करायचं ठरवलंय. मलाही मनापासून जायचंय, पण तोंडातल्या नळीतून श्वास घ्यायच्या नुसत्या विचारानेच छाती धडधडते. खाली गेल्यावर घाबरले आणि वर येता आलं नाही तर? कानाला इजा होईल का? जावं की नको?"

तुमच्या प्रश्नात चार वेगवेगळ्या भीती एकमेकींत गुंतल्या आहेत. खाली श्वास मिळेल का, नाकातोंडात पाणी गेलं तर काय, कानांचं काय होईल आणि नको झालं तर वर येता येईल का. चारही एकदम डोक्यात आल्या की छाती धडधडणारच. पण प्रत्येकीमागचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा, म्हणून एकेक सुटी करून बघू.

त्याआधी एक सांगतो. घाबरणाऱ्या माणसाला शिकवणं अवघड नसतं. तो सूचना कान देऊन ऐकतो, उगाच घाई करत नाही. प्रशिक्षकाला खरी अडचण होते ती भीती लपवणाऱ्याची. काठावर तो सगळ्याला मान डोलावतो आणि तीन मीटरवर, जिथे बोलायची सोय नाही तिथे, त्याची भीती बाहेर पडते. म्हणून पोशाख चढवण्याआधीच "मला भीती वाटते, आणि नेमकी अमुक गोष्टीची वाटते" हे प्रशिक्षकाला सांगा. हे ऐकून घ्यायला ज्याच्याकडे दोन मिनिटं नाहीत, त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नका.

"जावं की नको" याचा एक भाग मात्र भीतीवर अवलंबून नाही, प्रकृतीवर आहे. दमा, फुप्फुसांचा जुना आजार, हृदयविकार, फिट्स, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल, तर आधी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारा. गर्भारपणात जायचंच नाही. पॅनिक अटॅकचा त्रास असेल, त्यावर गोळ्या चालू असतील, तर तेही डाइव्हआधी भरून घेतात त्या प्रकृतीच्या फॉर्मवर लिहा. साधी धाकधूक आणि हा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फॉर्म हातात आला की सगळीकडे "नाही" लिहून मोकळं व्हायची अनेकांची सवय असते. कृपा करून तसं करू नका, कारण पाण्याच्या दाबाखाली हवा शरीरात कुठे अडकू शकते हे त्यातूनच कळतं. सर्दी झाली असेल तर बेत पुढे ढकला. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन किंवा फवारा मारून जाणं हा चुकीचा उपाय आहे: औषधाचा असर पाण्याखालीच ओसरला, तर वर येताना कानात किंवा सायनसमध्ये हवा कोंडते, आणि तेव्हा खाली थांबून राहणं हाही पर्याय नसतो.

आता श्वास. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन नसतो. आपण एरवी घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून, सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेला रेग्युलेटरचा पहिला टप्पा तो दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण १० बार जास्त इतका खाली आणतो. तोंडात धरतो तो दुसरा टप्पा. तुम्ही श्वास ओढलात की त्यातला पडदा आत ओढला जातो, झडप उघडते आणि त्या खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाने हवा येते. ओढणं थांबलं की झडप बंद. फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये हे तंत्र यशस्वी केलं. आजचे रेग्युलेटर त्याच तत्त्वावर चालतात. घाबरणाऱ्याने यातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी: दुसऱ्या टप्प्याची झडप अशी रचलेली असते की ती बिघडली तर सहसा उघडी राहते. म्हणजे हवा तुटण्याऐवजी भसाभसा वाहू लागते.

मग यंत्र व्यवस्थित चालू असताना "हवा पुरत नाही" असं का वाटतं? श्वास घ्यायची निकड प्रामुख्याने रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निर्माण होते, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे. भीतीने माणूस भराभर, वरवरचे श्वास घेतो. अर्धवट सोडायचं, लगेच परत ओढायचं. अशा श्वासात हवा घशात आणि श्वासनळीतच पुढेमागे होत राहते, फुप्फुसांतली जुनी हवा बाहेर पडत नाही आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याने आणखी गुदमरल्यासारखं वाटतं, म्हणून आणखी जोरात ओढलं जातं. हे चक्र तोडायचा मार्ग एकच: श्वास पूर्ण सोडणं. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. बुडबुड्यांचा आवाज संपेपर्यंत सोडत राहायचं. आत घ्यायची काळजी शरीर आपोआप करतं. माझ्या शिकवण्यात पहिली दहा मिनिटं मी याच एका गोष्टीवर घालवतो, कारण पुढचं जवळजवळ सगळं काम श्वास सोडण्यावरच चालतं. हवा वाचवायची म्हणून श्वास रोखून धरणं मात्र पूर्ण चूक. त्याने कार्बन डायऑक्साइड वाढतोच, आणि दुसरा धोका खाली सांगतो.

हवा संपेल ही शंका हिशेब करून मिटवता येते. नेहमीच्या ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे २२०० लिटर हवा असते. शेवटचे ५० बार राखीव धरले तर वापरायला १६५० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर घेतो असं धरू. ६ मीटरवर दाब १.६ पट, म्हणून तिथे २४ लिटर. म्हणजे तासाहून जास्त वेळ. घाबरून दुप्पट श्वास घेतला तरी ३० मिनिटांवर जातं. पहिली डाइव्ह साधारण २० ते ३० मिनिटांची असते आणि किती हवा उरली हे दाखवणारा मापक प्रशिक्षकही बघत असतो. तरी मापक कसा वाचायचा हे आधी विचारून घ्या आणि पाण्याखाली स्वतःही बघत राहा. काटा जागेवर दिसला की मन थाऱ्यावर राहतं.

नाकातोंडातल्या पाण्याकडे येऊ. रेग्युलेटर तोंडातून निसटला तर त्यात पाणी शिरतं. ते काढायचं म्हणजे तोंडात धरून जोरात फुंकर मारायची, पाणी खालच्या झडपेतून बाहेर जातं. फुंकायला श्वास उरला नसेल तर समोरचं बटण दाबायचं, सिलिंडरची हवाच ते काम करते. फक्त जीभ टाळूला लावून ठेवा, म्हणजे पाणी घशात उडणार नाही. रेग्युलेटर तोंडात नसतानाही बारीक बुडबुडे सोडत राहायचं, ओठ मिटून श्वास कोंडायचा नाही. मास्कमध्ये पाणी आलं तर वरची कड कपाळावर दाबायची, नजर जरा वर, आणि नाकाने सावकाश पण सलग श्वास सोडायचा. हवा वर साठते आणि पाणी खालच्या कडेने निघून जातं. लोक चुकतात ते इथे: खाली बघत फुंकतात, किंवा मास्क खालून उचलतात, की पाणी आणखी आत येतं. आणि आधी नाकाने श्वास ओढतात, तेव्हा ठसका लागतो. ठसका लागला तरी रेग्युलेटर तोंडातच ठेवून खोका, त्यातून खोकता येतं. बोटीने मळमळून उलटी आली तरी तोच नियम.

मास्क गळण्यामागे बहुतेक वेळा मापच कारण असतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या. मास्क आपोआप चिकटून राहिला तर बरोबर. कपाळावरची एखादी बट रबराखाली आली तरी तिच्या कडेने पाणी येतं. पट्टा करकचून ओढला की रबर मुडपतं आणि मास्क उलट जास्त गळतो. काचेवर धुकं साचू नये म्हणून आतून थुंकी किंवा लहान मुलांचा शाम्पू चोळून हलकं विसळा.

कानांबाबत तुमची भीती रास्त आहे, इथे निष्काळजीपणा चालत नाही. समुद्रात दर १० मीटरला दाब एक वातावरण, म्हणजे जवळपास एक बार, वाढतो: पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. म्हणजे दाब दुप्पट होतो तो पहिल्या १० मीटरमध्येच, आणि कानांना सगळ्यात जास्त त्रास देतात ते पहिले काही मीटर. नवशिक्यांना वाटतं उथळात कान सांभाळायची गरज नाही. आहे याच्या उलट. मधल्या कानातली हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो. घशाकडून कानात जाणारी युस्टेशियन नलिका उघडून तिथे हवा पोचवली की दाब सारखा होतो. सगळ्यांना जमणारी पद्धत म्हणजे नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून नाकात हलकेच फुंकणं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इटालियन शरीरशास्त्रज्ञ अंतोनियो वाल्साल्वा यांचं नाव तिला आहे. काहींना नाक धरून आवंढा गिळला तरी पुरतं.

यात वेळ महत्त्वाची. पाण्यात शिरायच्या आधी एकदा, डोकं बुडताच एकदा, नंतर दर अर्ध्या मीटरला, आणि दुखायच्या आधी. दाबाचा फरक मीटर-दीड मीटरएवढा झाला की नलिकेचं मऊ तोंड दाबाने मिटतं. मग कितीही जोर लावला तरी ते उघडत नाही, आणि तो जोरच आतल्या कानाला इजा करू शकतो. कान उघडला नाही तर अर्धा-एक मीटर वर या, पुन्हा प्रयत्न करा, मग खाली. डोकं खाली करून जाण्यापेक्षा पाय खाली ठेवून, दोर धरून उतरलं तर कान सोपे जातात. हनुवटी जरा वर, जबडा पुढे. एकच कान उघडत नसेल तर तो कान वर येईल अशी मान कलती करा. तीन-चार प्रयत्नांनंतरही जमलं नाही तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. बरोबरच्या मैत्रिणी पुढे गेल्या म्हणून ओढून नेलेला कान पुढे कित्येक दिवस दुखतो.

वर येता येईल का? उथळ डाइव्हमध्ये उत्तर सोपं आहे. मिनिटाला ९ मीटर या सुरक्षित वेगाने यायचं म्हटलं तरी ६ मीटरवरून ४० सेकंद लागतात. अंगावर बीसीडी असतं, म्हणजे हवा भरता-सोडता येणारं जॅकेट, आणि पहिल्या वेळी त्याची बटणं प्रशिक्षक सांभाळतो. त्याच्याकडे श्वासासाठी जादा दुसरा टप्पाही असतो, बहुधा पिवळा. तो कुठे लटकतो ते काठावरच बघून घ्या. वर येताना एकच अटळ नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर भरून घेतलेली छातीभर हवा पृष्ठभागावर पोचेपर्यंत दुप्पट जागा मागते. वाट मोकळी असेल तर ती निघून जाते. श्वास कोंडलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. अगदी दीड मीटरवरून तसं आलं तरी हे घडू शकतं. म्हणूनच घाबरून सुसाट वर पळणं हे खाली थांबण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

खाली अचानक घाबरायला झालं तर काय करायचं, हे काठावरच ठरवून ठेवा. हालचाल थांबवा. दोर, खडक किंवा प्रशिक्षकाचा हात धरा. प्रवाळ मात्र नाही, ते धारदार असतं आणि जिवंतही. श्वास पूर्ण सोडा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग तळवा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवा, म्हणजे काहीतरी बिनसलंय, आणि जिथे बिनसलंय तिकडे बोट दाखवा. वर जायचं असेल तर अंगठा वर. इथे नवशिके हमखास गोंधळतात: पाण्याखाली अंगठा वर याचा अर्थ "छान" नाही, "वर चला" असा आहे. ठीक आहे हे अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून सांगतात. कोणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह संपवू शकतो, हा जगभर पाळला जाणारा संकेत आहे. तो हक्क वापरण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

कुठून सुरुवात करावी? बोटीवरून थेट खोल पाण्यात उडी घेऊन नको. शक्य असेल तर आधी पोहण्याच्या तलावात एक सत्र घ्या, नाहीतर वाळूचा उतार असलेला शांत काठ निवडा. कंबरभर पाण्यात गुडघ्यांवर बसून, चेहरा बुडवून दोन मिनिटं नुसता श्वास. मग रेग्युलेटर काढणं-घालणं, मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन काढणं, नाक धरून कान. हे तिन्ही शांतपणे जमले की मगच पुढे. जावं की नको हेही तिथेच ठरवा, आज घरी बसून नाही. दहा मिनिटांनी श्वास संथ झाला असेल तर जा. छाती अजून धडधडत असेल तर तेवढ्यावर थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा कंबरभर पाण्यापासून सुरू करा.

खोलीची हाव धरू नका. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओळख-डाइव्हला, म्हणजे नवख्यांसाठीच्या पहिल्या डाइव्हला, १२ मीटरची मर्यादा आहे, पण पहिल्या वेळी ५-६ मीटर भरपूर झाले. तिथे उजेड चांगला असतो, रंग बरेचसे टिकून असतात. खोल जाल तसा लाल रंग सगळ्यात आधी विझतो. पोहता येणं या ओळख-डाइव्हला सहसा सक्तीचं नसतं, पाण्यात सहज वावरता येणं जास्त मोलाचं. पुढे पूर्ण कोर्स करायचा झाला तर २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं, त्यामुळे पोहण्याचा सराव वाया जाणार नाही.

घरी आठवडाभर करता येईल असा सराव: रोज चार-पाच वेळा नाक धरून हलकेच कान उघडून बघा. बादलीत चेहरा बुडवून, मास्कशिवाय, स्नॉर्कलने, म्हणजे तोंडात धरायच्या वाकड्या नळीने, तोंडावाटे दोन मिनिटं श्वास घ्या. नाकपुड्यांना पाणी लागताच श्वास थांबवण्याची शरीराची ओढ असते, ती याने मोडते. पहिले काही श्वास नकोसे होतील, मग सवय होते.

पोशाखाचीही एक गंमत आहे, ती अनेकांच्या लक्षात येत नाही. वेटसूटचा गळा घट्ट असेल तर काठावर उभं असतानाच गुदमरल्यासारखं होतं, आणि माणूस त्यालाच भीती समजतो. गळ्यातून बोट सहज फिरलं पाहिजे. नाहीतर मोठं माप मागा. पाण्यात गेल्यावर जॅकेट रिकामं करूनही तुम्ही तरंगतच राहिलात, तर लगेच आणखी शिसं, म्हणजे खाली जाण्यासाठी अंगावर बांधायचं वजन, मागू नका. घाबरलेल्या माणसाची छाती हवेने फुगलेली असते, म्हणून तो बुडत नाही. सावकाश पूर्ण श्वास सोडा, बहुतेक वेळा त्यानेच उतरायला सुरुवात होते. भीतीपोटी जादा शिसं बांधलं, तर श्वास संथ झाल्यावर तेच खाली खेचत राहतं.

ठिकाण ठरवताना विचारा: एका प्रशिक्षकाबरोबर किती जण असतील? तुमच्यासाठी उत्तर "एक", फार तर "दोन" असावं. उथळ पाण्यात आधी सराव करून घेता का? किती खोल नेता? बोटीवर वा काठावर ऑक्सिजनचा संच आहे का? आदल्या रात्री दारू नको, झोप पुरेशी हवी, दोन तास आधी हलकं खाणं. लाटा उसळत असतील किंवा पाणी गढूळ असेल तर बेत बदलायला मागेपुढे बघू नका. पहिली डाइव्ह स्वच्छ, संथ पाण्यातच व्हावी.

पृष्ठभागावर डोकं आल्यावर काम संपलं असं समजून लोक मास्क आणि रेग्युलेटर लगेच ओढून काढतात, आणि नेमकी तेव्हाच लाट तोंडात जाते. आधी जॅकेटमध्ये हवा भरा, तरंगताय याची खात्री करा, बोटीची शिडी हातात येईपर्यंत दोन्ही जागेवर ठेवा. मास्कमध्ये नाकातून आलेलं थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, सायनसच्या दाबाने तसं होतं. पण ऐकू कमी येणं, कानात सतत आवाज, गरगरणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. परतीचं विमान असेल तर एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त झाल्या असतील तर निदान १८ तास मध्ये जाऊ द्या. तिकीट काढताना पूर्ण दिवसच मोकळा ठेवलात तर घड्याळ बघायची वेळ येणार नाही.